मोळी त्यांच्या डोक्यावर, ऊर्जा आमच्या घरात

मध्यंतरी जंगलातल्या गावांसाठी जैवऊर्जा या विषयावरच्या एका चर्चासत्राला जाण्याचा योग आला. योग म्हणायचा तो एवढ्याचसाठी, की आमंत्रण दुसऱ्याला होते आणि ऐनवेळी मला पाठवण्यात आले. सभागृह वातानुकूलित, पाणी सीलबंद बाटल्यांतले, पडद्यावर रंगीत आलेख. पालापाचोळा, वाळकी लाकडे, बांबू, शेण, काजूची टरफले या साऱ्यांना मिळून 'जैवभार' असा एक भारदस्त शब्द तिथे सारखा वापरला जात होता. दुपारी एका तज्ज्ञांनी घाटमाथ्यावरून मुद्दाम आणलेल्या चार-पाच गावकऱ्यांकडे वळून विचारले, "तुमच्या गावात वर्षाला जैवभार किती उपलब्ध आहे?" जैवभार म्हणजे जळण, असे कुणीतरी सांगितल्यावर त्यांतला एक म्हातारा उभा राहिला. म्हणाला, "हाय की साहेब, लई हाय. पण वाळकी फांदी उचलली तर गार्ड कोयता काढून घेतंय. मग त्याला उपलब्ध म्हणायचं का न्हाई, ते तुमीच सांगा."

सभागृह हसले. तज्ज्ञही हसले आणि पुढच्या आलेखाकडे वळले. माझ्या मते चर्चासत्र त्या वाक्यापासून सुरू व्हायला हवे होते. वनातल्या माणसाला जैवऊर्जा 'देण्याच्या' योजना गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे येत आहेत आणि बहुतेक फसल्या आहेत. त्यांच्या अपयशाचे खापर कधी यंत्रावर, कधी बाजारावर आणि सर्वांत सोयीचे म्हणजे गावकऱ्याच्या अज्ञानावर फुटते. लाकूड कुणाचे, आणि त्यातून निघालेली ऊर्जा आधी कुणाच्या घरात जायची, हे दोन प्रश्न मात्र कुणी उच्चारत नाही. ते उच्चारले तर चर्चासत्रे भरवणाऱ्यांचीच पंचाईत होईल.

दूर जायला नको, आपल्याच शेजारच्या धारवाड जिल्ह्याची गोष्ट घ्या. 1980 च्या दशकात 'सामाजिक वनीकरणा'चा मोठा गाजावाजा झाला. जागतिक बँकेचा पैसा आला. खेड्यातल्या बाईला जळण मिळावे, तिची पायपीट थांबावी, असे उद्दिष्ट कागदावर होते. जमिनीवर उगवले निलगिरी. निलगिरीचा पाला जनावर खात नाही, त्याखाली गवत धड येत नाही, आणि त्याचे सरळसोट खोड चुलीपेक्षा कारखान्याच्या कामाचे. 1984 साली कर्नाटक पल्पवुड लिमिटेड ही सरकार आणि हरिहरचा कृत्रिम धाग्याचा लगदा करणारा कारखाना यांची संयुक्त कंपनी निघाली. धारवाड, शिवमोग्गा, उत्तर कन्नड आणि चिक्कमगळूर या जिल्ह्यांतली सुमारे 30,000 हेक्टर जमीन तिला देण्याचे ठरले. ही 'पडीक' जमीन म्हणजे गावांची गायराने होती, आणि गोरगरिबांचे सरपण तिथूनच येत होते. चुलीच्या नावाने सुरू झालेली गोष्ट रेयॉनच्या धाग्यापाशी पोचली!

14 नोव्हेंबर 1987 रोजी हानगल तालुक्यातल्या कुसनूरला लोक जमले आणि त्यांनी निलगिरीची रोपे उपटून त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावली. 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा, हे त्या सत्याग्रहाचे नाव. समाज परिवर्तन समुदाय ही संस्था त्यामागे होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले, आणि 1991 मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. मराठी पुस्तकांत चिपको सापडते, पण बेळगावहून दिवसाच्या आत जाऊन परत येता येईल अशा अंतरावरचे कुसनूर सापडत नाही. भाषेची भिंत आपण किती जाड बांधून घेतली आहे, याचा हा एक पुरावा समजावा.

मग आला मोगली एरंड. आमच्याकडे तो कुंपणाला लावतात, कारण बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या बियांच्या तेलावर देशाच्या डिझेलची स्वप्ने रंगवली. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळायचे, त्यासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक जमीन या झाडाखाली आणायची, असा हिशेब होता. पडीक रानात, पाण्यावाचून, निगा न राखता हे झाड सोने देईल अशी भाषणे झाली. झाड जगले, हे खरे. पण पाण्यावाचून जगणारे झाड पाण्यावाचून भरघोस बी देत नाही, हे सांगायला कृषिविद्यापीठ लागत नाही, कुठल्याही शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने फुकट सांगितले असते. जिथे थोडेफार बी आले तिथे घ्यायला कुणी फिरकले नाही. ठरलेले वर्ष आले आणि गेले, वीस टक्के दूरच राहिले.

आता नवा मोसम बांबूचा आहे. आसामात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याचे उद्‌घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले. त्याला वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू लागणार आहे. या कारखान्याबद्दल आधीच वाईट बोलण्याचे मला कारण नाही, तो चालो आणि तिथल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळोत. परंतु बांबू आणि कारखाना हे शब्द एकत्र ऐकले की आमच्या भागातल्या माणसाला दांडेली आठवते. दांडेलीचा कागद कारखाना 1950 च्या दशकात उभा राहिला. कारवारच्या जंगलातला बांबू त्याला टनामागे रुपया-दीड रुपया इतक्या नाममात्र दराने मिळत होता. त्याच बांबूच्या सुपल्या आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात किती मोजावे लागत होते, ते त्यालाच ठाऊक.

पुढे 1970 च्या दशकात तो बांबू संपत चालला, तेव्हा दोष अर्थातच गावकऱ्यांच्या कोयत्यावर आणि गुरांवर आला. माधव गाडगीळ यांनी तिथे अभ्यास केला आणि त्यातून एक साधी गोष्ट बाहेर आली. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. तोड सोपी व्हावी म्हणून कारखान्याचे मजूर ते साफ करत, आणि बेट मोकळे केले की बांबू जोमाने वाढतो अशी वनशास्त्राचीही समजूत होती. गावकरी मात्र वरचा बांबू तोडताना बुडाचे काटे तसेच ठेवत. काटे गेले की कोवळे कोंब उघडे पडत, आणि गुरे, साळिंदर, वानरे ते फस्त करत. ज्याला अडाणी म्हटले त्याचा कोयता बेट राखत होता, आणि शिकलेला कोयता ते संपवत होता. ही हकीकत मी प्रत्येक चर्चासत्रात सांगतो. लोक माना डोलावतात, मग चहा येतो.

याचा अर्थ यंत्रे वाईट, विज्ञान वाईट, असे कुणी काढू नये. त्या सुरातले गळे काढणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा आहे. लाकडापासून वायू करून त्यावर इंजिन चालवणे हे जुने, सिद्ध झालेले तंत्र आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी 1988 साली तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या लहानशा गावात असे वायुजनक यंत्र बसवले. गावाजवळ जळणासाठीच झाडे लावली. त्या लाकडावर घरोघरी दिवे लागले, नळाने पाणी आले, पिठाची गिरणी चालली. यंत्र गावातलीच पोरे चालवत, आणि हे एक-दोन वर्षांचे प्रदर्शन नव्हते, दहा वर्षांहून अधिक काळ ते गाव आपल्या लाकडावर उजेड करत होते.

त्याच जिल्ह्यातल्या पुरा गावाची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. तिथे अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक गोबर गॅसची योजना आखली ती स्वयंपाकासाठी. शेण मोजले तर सगळ्या चुलींना पुरेल एवढा वायू निघेना. इथे दुसऱ्या एखाद्या खात्याने फलक लावला असता, फोटो काढला असता आणि मंडळी निघून गेली असती. या लोकांनी गावाला विचारले. गाव म्हणाले, आम्हाला पिण्याचे पाणी आणि उजेड द्या. मग 1987 पासून त्या वायूवर इंजिन चालवून पाणी आणि दिवे दिले. शेण आणून देणाऱ्याला वजनावर पैसे मिळत, आणि शेण आणणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. वायू काढून उरलेली मळी ज्याची त्याला खत म्हणून परत. म्हणजे शेणावरची मालकी शेणवाल्याचीच राहिली. आमचे खाते असते तर तिथेही परवाना लागला असता.

थोडा हिशेब मांडतो, कारण या विषयात हिशेब न करता बोलणारेच फार. लाकडाच्या वायूवर एक युनिट वीज करायला साधारण एक-सव्वा किलो वाळलेले लाकूड लागते. तीस उंबऱ्यांच्या वाडीला दिवे, पाण्याचा पंप आणि गिरणी मिळून दिवसाला चाळीस युनिटे धरली तर पन्नास किलो लाकूड झाले, म्हणजे फार तर दोन-तीन मोळ्या. आता त्याच तीस चुली बघा. तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या शंभर भागांतले जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्याला लागतात, बाकीची उष्णता वाऱ्यावर आणि धूर बाईच्या डोळ्यांत. घरटी दिवसाला पाच-सहा किलो म्हटले तरी दीडशे-पावणेदोनशे किलो. तेव्हा जंगलावरचा खरा भार दिव्याचा नसून चुलीचा आहे.

चुलीचे मग काय केले? सुधारित चूल आली. राष्ट्रीय कार्यक्रम झाला, कोटींनी चुली बसल्याचे आकडे निघाले आणि 2002 च्या सुमारास केंद्राने हात काढून घेतला. आमच्या घाटावर त्या चुलींचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. धुराची नळी बाहेर काढण्यासाठी कौल फोडायचे आणि मृगाची पहिली सर आली की नेमके तिथून चुलीत गळायचे. शिवाय आमच्याकडे चुलीवर माळा असतो. खालच्या धगीवर पावसाळाभर त्या माळ्यावरचे जळण, सोले, बियाणे कोरडे राहते. धूर नळीने बाहेर गेला आणि माळा ओला झाला. बायकांनी महिन्याभरात नळी काढून टाकली, आणि अहवालात लिहिले गेले, 'लाभार्थ्यांमध्ये जागृतीचा अभाव'. चूल आखणाऱ्याने एक पावसाळा त्या घरात काढला असता तर अभाव कुठे आहे ते कळले असते. 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघरी पोचले, हे मोठे काम झाले आणि ते मान्य केले पाहिजे. पण सरकारचेच आकडे सांगतात की 2024-25 मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले. बाकीचे दिवस काय शिजवले नाही? त्या दिवसांचे जळण डोक्यावरूनच आले.

आता कायद्याकडे येतो. फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका आदेशाने अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवत काढायलाही मनाई झाली. त्यानंतर 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि तो अभयारण्यातही लागू आहे. त्या कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली तीत बांबू आहे, झुडपी लाकूड आहे, खुंट आहेत. ते गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा गावाचा मालकी हक्क मानला आहे. आणखी गंमत पुढेच आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने जंगलातली एक हेक्टरपर्यंत जमीन गावाच्या सोयींसाठी देता येते, आणि त्या सोयींच्या यादीत शाळा, दवाखाना, पाणी यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जेचे साधन हेही लिहिलेले आहे! म्हणजे होसहळ्ळीसारखे यंत्र जंगलगावात बसवायला कायद्याची वाट अठरा-एकोणीस वर्षांपासून मोकळी आहे. त्या चर्चासत्राच्या दोन दिवसांत या कलमाचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने ही वाट चालून दाखवली. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने खात्याच्याच हातात राहिले होते. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडावा लागला, आणि ते द्यायला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना स्वतः यावे लागले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपल्या भावाने विकला. जंगल उजाड झाल्याचे मात्र काही ऐकू आले नाही.

मग हे खानापुरात का होत नाही? इथे आमच्या सीमाभागाचे खास दुखणे सुरू होते. कायदा म्हणतो, आदिवासी नसलेल्या वननिवासींनी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवावे. 2005 मधून पंचाहत्तर वजा केले की 1930 उरते. त्या वर्षी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांची जुनी कागदपत्रे मराठीत, त्यांतली कित्येक मोडीत. अर्ज कन्नडात, तपासणारा कारकून कन्नड वाचणारा, आणि दावा करणारा कणकुंबी-जांबोटीकडचा मराठा किंवा गवळी-धनगर, ज्याला ना मोडी वाचता येते ना कन्नड. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला कागद त्याला वाचता येत नाही आणि सरकारला वाचायचा नाही. वास्तविक कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. पण तो लिहून घ्यायला कुणीतरी तिथे जायला हवे ना!

इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचे आहे. दर 1 नोव्हेंबरला आपण काळ्या फिती लावतो. फलकावरच्या अक्षरासाठी लाठ्या खाल्लेली माणसे आपल्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु सत्तर वर्षे ज्या खेड्यांच्या नावाने आपण ठराव केले, त्यांतल्या किती वाड्यांचे वनहक्काचे अर्ज आपण भरून दिले? 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला चिखलातून डोलीत घालून मैलोगणती वाहून न्यावे लागले. वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यानंतर चर्चा रस्त्याची, दव्याची, विजेची व्हावी, ती झाली मुख्यतः गावे उठवण्याची. भीमगड हे 2011 साली अभयारण्य झाले. आतल्या गावांनी पैसे घेऊन बाहेर यावे, असा प्रस्ताव आहे. ज्यांना खरोखर यायचे आहे त्यांना अडवणारा मी कोण? परंतु दिवा नाही, डॉक्टर नाही, वाळके लाकूड उचलायची सोय नाही, अशा स्थितीत माणसाने दिलेल्या संमतीला खुशीची संमती म्हणायचे धाडस मला होत नाही.

वाघाची बाजू मला कळते. म्हादई जिथे उगम पावते ते रान राहिले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. गावकरी सगळे संत आहेत असेही नाही. खानापुरातल्या विटा-कौलांच्या भट्ट्यांना ट्रकांनी लाकूड गेले, त्यात तोडणारे हात कुठले होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण डोक्यावरच्या मोळीला अडवणारा नाका त्या ट्रकांना कसा अडवत नव्हता, हेही सगळ्यांना माहीत आहे. आपली मालकी नाही अशा जंगलात माणूस चोरासारखाच वागतो, कारण त्याला चोरच ठरवलेले असते. उद्या मिळेल याची खात्री नसलेला माणूस आजच ओला फाटा तोडतो. शेजारच्या उत्तर कन्नडात सुपारीच्या बागाईतदाराला बागेपुरता पाला-फाटा घेण्यासाठी 'बेट्टा' म्हणून जंगल इंग्रजांच्या काळापासून लावून दिलेले आहे. ते त्याला चालते, मग आमच्या राबासाठी फांदी छाटणारा कुणबी तेवढा जंगलाचा वैरी कसा?

आणि संधी म्हणाल तर तिथेच पडल्या आहेत. आमच्या पावसात सौर पेटी चार महिने निरुपयोगी असते, सुकवायला धग लागते. कोकमाचे सोल, हिरडा, फणसाचे गरे, काजू, हे सगळे नीट सुकले तर दर मिळतो, नाही तर बुरशी येऊन व्यापाऱ्याच्या मनाला येईल त्या भावात जाते. चंदगड-खानापूरच्या काजू कारखान्यांत टरफल जाळूनच बाष्पक चालतात. वाडीच्या मालकीची एक साधी सुकवणीची भट्टी, तिला वाळक्या झुडपी लाकडाचे आणि टरफलाचे जळण, चार-पाच गुरे असलेल्या घरांना दोन घनमीटरचे गोबर गॅस, आणि जिथे तारा पावसात आठवडा-आठवडा बंद पडतात तिथे एक लहान वायुजनक. यात अशक्य काय आहे? वायुजनकात डांबर साठते, ते वेळच्या वेळी साफ करावे लागते, लाकूड वाळवून बोटभर तुकडे करावे लागतात, आणि चालवणाऱ्या पोराला महिन्याचा पगार द्यावा लागतो. हे सगळे आधी स्पष्ट सांगावे. यंत्र बसवून फीत कापली की काम संपले असे ज्यांना वाटते त्यांनी यात पडूच नये.

पण क्रम चुकवू नका. आधी जंगलाचा सामूहिक हक्क, मग यंत्र. उलटे केले तर यंत्र ठेकेदाराचे होते, लाकूड खात्याचे राहते आणि गावाला मिळते ती मोळी वाहण्याची मजुरी.

मोडी लिपी अस्खलित वाचणारी दहा-बारा माणसे तरी बेळगाव शहरात मला माहीत आहेत. त्यांतले काही निवृत्त आहेत, आणि हा अंक त्यांच्या हाती पडेलच. कन्नडात चांगला अर्ज लिहू शकणारे मराठी वकील तर याहून अधिक आहेत. दिवाळीनंतर भाताची कापणी-मळणी उरकली की पौषात घाटावरच्या वाड्यांना थोडी उसंत असते, ग्रामसभा भरते तीही त्याच दिवसांत. कणकुंबीची आणि हेम्माडग्याची बस खानापूरच्या स्थानकावरून सुटते. जाताना एक कोरी वही न्यावी. ज्यांना जबाब द्यायचे आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत.